वांड पोराचे मार्क

मागच्या वर्षी प्रगतीपत्रकावर सही करायला एक आई आली होती. पोरगा सातवीत, माझ्याच वर्गात, अखंड बडबड, पुढच्याच्या शर्टावर पेनाने रेघोट्या. तिने गणिताचा रकाना बघितला आणि सरळ विचारलं, "सर, ह्याला गणित येत न्हाय, का वांड हाय म्हणून कमी दिले?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर दुसरंच होतं.

सातवीला आकारिक, म्हणजे वर्गात चालणाऱ्या कामाचे, ४० मार्क आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे, ६०. २०१० ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासूनचं हे गणित. त्यातले तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय वगैरेचे ४० आम्हा शिक्षकांच्या हातात, आणि त्याच वर्षी एप्रिलपासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, कलम १७ ने मारणं बंद झालं. चांगलंच झालं, मी स्वतः छडी खाल्लीय, पाढे काही तिने आले नाहीत. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी छडी खाली ठेवली आणि लाल पेन उचलला हे मान्य करायला काय हरकत आहे? वर्गात बोलला, स्वाध्यायाचे दोन कट. वही विसरला, अजून एक कट. मी हेच करत होतो आणि त्याला शिस्त म्हणत होतो.

त्या बाईच्या प्रश्नानंतर एक साधी वही केली, तारीख, तास, काय झालं, एवढंच. आणि तास संपायच्या पाच मिनिटं आधी प्रत्येकाला चिठ्ठीवर एकच गणित, मार्क नाहीत, फक्त तीन गठ्ठे करायचे, आलं, अर्धवट आलं, नाही आलं. दोन-तीन आठवड्यांत दिसलं की या पठ्ठ्याची चिठ्ठी रोज पहिल्या गठ्ठ्यात. गडबड कधी, तर उदाहरण सोडवून झाल्यावर, बाकीचे अजून लिहीत असताना. म्हणजे त्याला काम पुरत नव्हतं आणि मी त्याचे मार्क कापत बसलेलो.

पण खरा धक्का तिसऱ्या गठ्ठ्याने दिला. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, अक्षर मोत्यासारखं, कधी आवाज नाही, स्वाध्यायाला मी तिला डोळे झाकून दहापैकी नऊ द्यायचो. तिची चिठ्ठी रोज तिसऱ्या गठ्ठ्यात, साधी अपूर्णांकांची बेरीज जमत नव्हती, फळ्यावरचं सगळं सुंदर उतरवून घ्यायची बस्स. त्रास देत नव्हती म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही. मार्कांसोबत प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत लिहायच्या वर्णनात्मक नोंदीत मी तिच्यासाठी काय लिहिलं होतं? "नियमित अभ्यास करते." ती ओळसुद्धा व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या तयार नोंदींच्या पीडीएफमधली (सगळेच वापरतात, मी एकटा नाही, पण म्हणून काय).

आता वर्तनाचं वेगळ्या वहीत, गणिताचं गणितात. वांडपणाबद्दल लिहायचं तर त्यासाठी नोंदींमध्ये "सुधारणा आवश्यक" हा रकाना आहेच की, तिथे लिहा, आकड्यात कशाला घुसवता. आणि ज्याचं लवकर होतं त्याला पुढचं उदाहरण तयार ठेवायचं, नाहीतर मागच्या बाकावर एखाद्याला समजावायला पाठवायचं, त्यात त्याची बडबड पण कामी येते.

तो काही सुतासारखा सरळ झालाय असं नाही हं. परवाच डस्टर खिडकीतून बाहेर भिरकावलं. खाली जाऊन आणायला लावलं, फळा पुसायला लावला, मार्क होते तेवढेच ठेवले.