बारावी राजस्थानातून केली तर एमबीबीएसचा स्टेट कोटा जातो

दहावीचा निकाल लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. वर 'पालकांनो, वेळीच जागे व्हा', खाली मुद्दे, शेवटी 'जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा'. मी ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे तो दरवर्षी कुठून ना कुठून माझ्याकडे येतोच. यंदा तो ऐरोलीहून माझ्या धाकट्या भावाने पाठवला आणि खाली लिहिलं, 'ताई, उद्या तिकडच्या क्लासचा पहिला हप्ता भरतोय, एकदा नजर टाक.' भाचीला डॉक्टर व्हायचंय, आणि तिचं नाव राजस्थानात घालायचं हे घरात जवळजवळ ठरलं होतं. म्हणून हे लिहायला बसले. ज्या ज्या ग्रुपवर तो मेसेज गेलाय, तिथे हेही जावं.

मेसेजचं म्हणणं असं. नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) आणि जेईई (आयआयटी-एनआयटीची) यांची तयारी सहावीपासून लागते. बोर्डाच्या मार्कांना आता काडीची किंमत नाही. कॉलेजात जाणं म्हणजे वेळेची नासाडी. सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, हा जेईई न जमणाऱ्यांचा मार्ग. मराठी माध्यमाच्या मुलांनी या वाटेला जाऊ नये. पाच तासांच्या वर झोप नको. आणि या सगळ्यावर उपाय काय, तर अकरावी-बारावीला मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला पाठवा, तिकडच्याच शाळेत नाव घाला, हजेरीची कटकट नाही; 'डोमिसाईल (रहिवासाचा दाखला) महाराष्ट्राचं असल्याने स्टेट कोटा कुठेच जात नाही.'

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्या मुद्द्यांपायी फार तर पैसे आणि झोप जाईल, या वाक्यापायी ॲडमिशन जाईल.

राज्य सीईटी सेल दरवर्षी वैद्यकीय प्रवेशाची माहिती पुस्तिका काढतो. ती नेटवर फुकट मिळते. त्यातला पात्रतेचा भाग वाचा. महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी, म्हणजे स्टेट कोट्यासाठी, डोमिसाईल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून पास झालेल्या लागतात. बोर्ड कुठलं याला महत्त्व नाही. एचएससी चालते, सीबीएसई चालतं, पण शाळा महाराष्ट्रात हवी. अपवाद आहेत ते सैन्यदलातल्या आणि ठरावीक सरकारी नोकरीत बदली झालेल्यांच्या मुलांसाठी, सीमाभागातल्या मुलांसाठी. माझा भाऊ महापेला खासगी कंपनीत आहे. त्याला यातलं काहीही लागू नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. १०० जागांचं सरकारी कॉलेज धरा. त्यातल्या १५ जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, तिथे देशभरातली मुलं असतात. उरलेल्या ८५ महाराष्ट्राच्या. राजस्थानातून बारावी झालेल्या मुलीला या ८५ जागांसाठी फॉर्मसुद्धा भरता येणार नाही, मार्क कितीही असोत. कळव्याचं महापालिकेचं मेडिकल कॉलेज ऐरोलीहून विटाव्यामार्गे रिक्षाने जाण्याइतकं जवळ आहे. तिथल्या बहुतेक जागा तिच्यासाठी बंद, का तर बापाने एका फॉरवर्डवर विश्वास ठेवला. खासगी कॉलेजांतल्या स्टेट कोट्यालाही हाच नियम आहे. अभिमत विद्यापीठांत स्टेट कोटा नसतोच, आणि तिथली फी बहुतेक ठिकाणी वर्षाला २० लाखांच्या पुढे आहे.

इंजिनिअरिंगचे नियम याबाबत सैल आहेत, डोमिसाईलवर तिथे मार्ग निघतो. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेच उचलून मेडिकलला चिकटवलं. यातला फरक मुलांना कळतो तो दोन वर्षांनी, नीटचा निकाल हातात असताना. तेव्हा बारावी पुन्हा महाराष्ट्रातून देता येत नाही.

हे सांगितल्यावर भाऊ म्हणाला, 'मग नाव ठाण्याच्या कॉलेजात ठेवू, राहील ती तिकडे.' म्हणजे कॉलेज नावापुरतं. मेसेजमधला 'वेळेची नासाडी'चा मुद्दा तो हाच, आणि याचा मला मनापासून राग येतो.

सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांचं आणि क्लासवाल्यांचं साटंलोटं चालतं, म्हणूनच शासनाने २०१८ मध्ये मुंबईसह काही विभागांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. अंमलबजावणी ढिली पडली हे खरं, पण नियम आहे. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या बोर्डाने दिल्ली-राजस्थानातल्या मिळून २१ शाळांची संलग्नता याच 'डमी' प्रकारामुळे, म्हणजे नाव शाळेत आणि मूल क्लासला, काढून घेतली. आपली मुलगी बारावीत असताना शाळेचीच मान्यता गेली तर कुणाच्या दारात जायचं, हे मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.

हजेरी बाजूला ठेवू. एचएससीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत प्रत्येकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातच फिजिक्समध्ये प्रायोगिक कौशल्यांचं आणि केमिस्ट्रीत प्रात्यक्षिकांमागच्या तत्त्वांचं स्वतंत्र युनिट आहे. माझ्या लॅबमध्ये परमँगनेटचं टायट्रेशन चालतं तेव्हा ब्युरेटमधलं (खुणा असलेल्या, तोटीच्या काचेच्या नळीतलं) जांभळं द्रावण थेंबाथेंबाने फ्लास्कमध्ये पडतं आणि रंग उडत जातो. मग एका थेंबाला फिकट गुलाबी छटा तशीच टिकते. शेवट दाखवायला रंग बदलणारा वेगळा इंडिकेटर घालावा लागत नाही. ब्युरेट वाचताना पातळीची वरची कड धरायची, कारण द्रावण इतकं गडद असतं की खालची कड दिसतच नाही. समोर ऑक्झॅलिक ॲसिड असेल तर ते आधी गरम करायचं, मोहर्स सॉल्ट असेल तर नाही. यातल्या प्रत्येक वाक्यावर पर्यायी प्रश्न येऊ शकतो. ज्या मुलीने तो थेंब स्वतः सोडलाय ती चुकत नाही. ज्यांनी फक्त क्लासच्या नोट्समध्ये वाचलंय ती मुलं वरची कड की खालची यात अडकतात, हे मी दरवर्षी तोंडी परीक्षेत बघते.

आता बोर्डाच्या मार्कांचं. मेरिट लिस्ट प्रवेश परीक्षेवर लागते, हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की नीटसाठी बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के लागतात (राखीव वर्गांना ४०), आणि आयआयटी-एनआयटीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या २० टक्के मुलांत, जागा. जेईईत चांगली रँक येऊन बारावीला ७२ टक्क्यांवर आलेल्या मुलाचा जीव टांगणीला लागतो.

सहावीपासून तयारी? केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची कोचिंग सेंटरसाठीची जानेवारी २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की १६ वर्षांखालच्या किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या मुलाला घेऊ नये, दिवसाला पाच तासांच्या वर शिकवू नये, रँकची हमी देऊ नये. सहावीतल्या मुलाला अपूर्णांक आणि गुणोत्तर नीट येऊ द्या, तेवढं पुरे.

सीईटीला कमी लेखणाऱ्याला ती माहीतच नाही. ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, सुमारे ८० टक्के भर बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर. मुंबईचं व्हीजेटीआय आणि पुण्याचं सीओईपी या नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या बहुतेक जागा याच परीक्षेतून भरतात. तिचा पाया बालभारतीचं पुस्तक आहे आणि ते ई-बालभारतीवर फुकट आहे. मराठी माध्यमाबद्दल एवढंच, की नीट आणि जेईई मेन दोन्ही १३ भाषांत होतात आणि त्यात मराठी आहे. झोपेच्या मुद्द्याला मी उत्तर देणार नाही. सोळा वर्षांच्या पोराला पाच तास झोपवायचा सल्ला देणाऱ्याने आधी एखाद्या बालरोगतज्ज्ञाला भेटावं.

क्लास लागतो का? बहुतेकांना लागतो, हे मान्य करावं लागतंय. कॉलेजांत जागा रिकाम्या आहेत, शिक्षक तासिका तत्त्वावर, एकेका वर्गात शंभरावर मुलं, आणि मुलांना सरावाच्या टेस्ट तिथे पुरेशा मिळत नाहीत. पण तसे क्लास नौपाड्यात आहेत, वाशीत आहेत, खारघरला आहेत. कॉलेज सुटल्यावर तिथे जाता येतं आणि रात्री घरचं जेवण मिळतं.

ज्यांनी राजस्थानात पैसे भरून टाकलेत त्यांच्यासाठी: त्याच २०२४ च्या तत्त्वांत लिहिलंय की मुलाने मधेच कोर्स सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करायची, हॉस्टेल त्यांचं असेल तर हॉस्टेल आणि मेसचीही. तोंडी बोलू नका, फोनवर तर नाहीच. पावतीची प्रत जोडून ईमेल करा आणि तत्त्वांचा हवाला द्या. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या इथे चालू आहेत तोवरच हे उरकून घ्या. भावाने हप्ता भरला नाही. भाचीचा अकरावीचा फॉर्म आम्ही काल रात्री भरला, पहिली तिन्ही कॉलेजं ठाणे-ऐरोलीतली टाकली आहेत.