गेटच्या आत कोण होतं, ते सांगतो

मुदतीच्या नोकरीवरच्या माझ्या मागच्या लेखाला ‘एचआर पुणे’ या टोपणनावाने एक भलीमोठी प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे, लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेने ‘निश्चित मुदतीचा रोजगार’, म्हणजे ठरलेल्या तारखेला आपोआप संपणारी नोकरी, कायद्यात पक्का बसवला आणि त्यामुळे कारखान्यातली कायम नोकरी हळूहळू आटत जाईल, असं मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं (यातले २४० दिवस म्हणजे, जुन्या नियमाने वर्षात इतके भरले की तात्पुरत्या कामगाराला कायम करावं लागायचं; ते टाळायला त्याला मधेच कामावरून काढणं म्हणजे ब्रेक):

“काका, १९८५ मध्येच अडकलात. २४० दिवसांच्या धाकानेच कंपन्या ब्रेक देत होत्या आणि ठेकेदार आणत होत्या. आता पोरगा कंपनीच्या हजेरीवर येतो, कायम कामगाराइतका पगार घेतो, वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी. नियुक्तिपत्र सगळ्यांना सक्तीचं झालं, पी.एफ. वाढणार, हे लिहायला हात का आखडतो? गेटच्या आत कधी पाऊल न टाकलेली माणसं कायद्यावर लिहायला लागली की असंच होतं.”

‘काका’चं मला काही नाही, केस पिकलेच आहेत. पण काका म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात काकाची अक्कल काढायची, ही कुठली रीत? तुमच्या कंपनीत एखाद्या सुपरवायझरने कामगाराशी या भाषेत बोललेलं तुम्ही खपवून घ्याल का? आठवडाभर उत्तर द्यायचंच नाही असं ठरवून बसलो होतो. ते शेवटचं वाक्य मात्र काही केल्या डोक्यातून जाईना.

गेटच्या आत पाऊल न टाकलेला. बरं. मग ऐका.

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी टाईम ऑफिसात होतो. नाव घेत नाही, मालकांची पुढची पिढी गावात आहे आणि कुणाशी वैर नाही. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला पंचिंगचं घड्याळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कार्डांचे रॅक. कायम कामगारांची कार्डं पांढरी, टेम्पररी पोरांची गुलाबी. हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर माझ्या हातची एक वेगळी यादी असायची: नाव, टिकीट नंबर, भरलेले दिवस. दिवस २०० च्या पुढे गेले की नावापुढे पेन्सिलने बारीक टिंब. मॅनेजरसाहेब शनिवारी ते पान मागवून घेत, बोलत काही नसत, नुसतं टिंबांवरून बोट फिरवत. सोमवारी मी तीन प्रतींत पत्र टाईप करायचो, “काम संपल्यामुळे आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.” काम कुठलं संपतंय! त्याच लाइनवर त्याच शिफ्टला दुसरा पोरगा उभा असायचा.

पत्र हातात पडायच्या आधीच गुलाबी कार्ड रॅकमधून निघालेलं असे. पेठ-दिंडोरीकडची पोरं पहाटेची एस.टी. धरून यायची, रॅकसमोर उभी राहून आपला नंबर शोधत राहायची, मागे रांग खोळंबायची. मग खिडकीपाशी येऊन विचारायची, “साहेब, माझं कार्ड दिसत नाही.” ते मी सांगायचं, कारण खिडकी माझी. महिना-दोन महिन्यांनी त्यातलाच एखादा पुन्हा आत यायचा, नव्या टिकीट नंबरने, आणि त्याची मोजणी पहिल्या दिवसापासून.

हे सगळं तुम्ही कुठे पाहिलंत? व्यवस्थापनाच्या वर्गात, पडद्यावर? गेटच्या आतलं मला कुणी शिकवू नये, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, “बघा, ब्रेक देत होते हे तुम्हीच सांगितलंत, माझाही मुद्दा तोच.” अजिबात नाही. तुमच्या आणि माझ्या म्हणण्यात मोठा फरक आहे आणि तो कळण्यासाठी जुना कायदा वाचलेला असावा लागतो. आमच्या महाराष्ट्रात आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या नियमांत, ४-क असं कलम होतं: मागच्या बारा महिन्यांत ज्या बदली (दुसऱ्याच्या जागी तेवढ्यापुरत्या घेतलेल्या) किंवा तात्पुरत्या कामगाराचे २४० दिवस भरले, त्याला लेखी आदेशाने कायम करायचं. त्याच्या जोडीला १९७१ चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांचा कायदा. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब आमच्या ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ होती. कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसाला वर्षानुवर्षं बदली, कॅज्युअल किंवा टेम्पररी ठेवणं, ही अनुचित प्रथा. म्हणजे आम्ही जे करत होतो ते बेकायदा आहे हे आम्हाला माहीत होतं. म्हणून तर पेन्सिल! शाईने टिंब काढायची कुणाची छाती नव्हती. औद्योगिक न्यायालयात एखादा कामगार उभा राहिला की ते हजेरीपटच आमच्या अंगावर यायचे. साहेबांची झोप उडालेली मी पाहिली आहे. सगळे कामगार जिंकले असं मी म्हणत नाही, बहुतेक जण तिथवर पोचलेच नाहीत. पण जायला एक दार होतं.

तुमच्या नव्या व्यवस्थेत पेन्सिल लागतच नाही. करारावर शेवटची तारीख छापलेलीच असते. ती आली की नोकरी संपली आणि संहितेच्या व्याख्येनुसार ही छाटणी नव्हे. छाटणी नाही, म्हणून एक महिन्याची नोटीस नाही, दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई नाही. छाटणी झालेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांचा पगार भरायचा तो नवा पुनर्कौशल्य निधी, तोही नाही. ही पळवाट १९८४ च्या दुरुस्तीने जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही शिरली होती, मला ठाऊक आहे, सांगायला धावू नका. पण २०१८ च्या मार्चमध्ये केंद्राने सगळ्या उद्योगांना मुदतीच्या नोकऱ्या खुल्या केल्या तेव्हा निदान एक अट घातली होती, की असलेल्या कायम जागा मुदतीच्या करता येणार नाहीत. संहितेत ती अट शोधून दाखवा. करार किमान किती काळाचा असावा, लागोपाठ किती वेळा वाढवावा, यावरही काही बंधन नाही. ज्या गोष्टीसाठी आम्हाला शनिवारी गुपचूप बसावं लागायचं, ती तुम्ही आता लेटरहेडवर करू शकता.

आणि ती वर्षाची ग्रॅच्युइटी. याचा केवढा गाजावाजा! हिशेब करा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० धरा. त्याला २६ ने भागा (महिन्याचे कामाचे दिवस), १५ ने गुणा (वर्षामागे १५ दिवसांचा पगार). ९,००० रुपये. वर्षभर लाइनवर उभं राहिल्याचे नऊ हजार, आणि ते घेऊन घरी जा. पूर्वी पाच वर्षं थांबावं लागायचं हे खरं. पण पाच वर्षं थांबणाऱ्याला सहाव्या वर्षीही काम असायचं. शिवाय संहितेतली व्याख्या ‘एक वर्ष’ म्हणते. उद्या कुणी अकरा महिन्यांचाच करार केला तर? २४० दिवस म्हणजे सलग एक वर्ष धरायचं की नाही, यावर दोन वकील दोन बाजूंनी बोलतील. तो पोरगा नऊ हजारांसाठी वकील लावणार आहे का?

कायम कामगाराइतका पगार, हेही कागदावर सुरेख. त्याच कामावर कायम कामगार असला तर तुलना होणार. लाइनवर सगळेच मुदतीचे असले तर कुणाशी तुलना करायची?

एक मात्र प्रांजळपणे मान्य. ठेकेदाराकडच्या पोरापेक्षा मुदतीचा कामगार बरा. पगाराची चिठ्ठी कंपनीच्या नावाने निघते, पी.एफ. भरला की नाही हे विचारायला ठेकेदाराच्या मागे गावभर फिरावं लागत नाही. लेखात हे मी एका ओळीत उरकलं होतं, दोन ओळी द्यायला हव्या होत्या. झालं समाधान?

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. नियुक्तिपत्र सक्तीचं झालं, चांगलं झालं. त्यावर शेवटची तारीख असणार की नाही ते सांगा. ज्यांचा पी.एफ. १५,००० रुपये पगाराच्या मर्यादेवरच कापला जातो त्यांचा एक पैसाही वाढणार नाही, हे तुम्ही एचआरमध्ये असून मी सांगायचं? लहान कारखानदाराला ऑर्डर कधी असते, कधी नसते, त्याने माणसं कशी सांभाळायची, असंही तुम्ही पुढे बरंच लिहिलं आहे. त्याचं नंतर बघू, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. तुम्ही दिलेला चीन आणि व्हिएतनामचा दाखला राहू द्या. युनियनने सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत बुडवली, हे तुमचं म्हणणंही ऐकून ऐकून कान किटले आहेत. तिथल्या बंद पडलेल्या गेटांमागे काय काय होतं ते मी जवळून पाहिलंय, पण तुम्हाला ते ऐकायचंच नाही.

छाटणीला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली, याबद्दल तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत अवाक्षर नाही. स्थायी आदेशांचं बंधनही आता ३०० पासून पुढे. सातपूर-अंबडला किती कारखान्यांत ३०० माणसं हजेरीवर आहेत, जरा फिरून या. मी सोबत येतो, वॉचमन अजून ओळखतात.

तुमच्या कंपनीतला मुदतीच्या कराराचा नमुना, नावगाव झाकून, खाली प्रतिक्रियेत टाका. नूतनीकरणाचं आणि सेवासमाप्तीचं कलम आपण ओळीओळीने वाचू. आणि या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. माझं नाव वर छापलेलं आहे.