मंगळवारचं डेथ मेटल

लातुरात ‘आमचा बँड आहे’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘‘घोडा तुमचाच का?’’ सुरुवातीला मी समजावून सांगायचो. लग्नाचा नाही हो, डेथ मेटलचा, म्हणजे गुरगुरत गायच्या विलायती दणदणाटाचा. त्यातला ‘डेथ’ तेवढा कळायचा. ‘‘म्हणजे मयतीचा? किती घेता?’’ पुढं मी समजावणं सोडलं.

हा बँड २०१५ च्या दसऱ्याला निघाला आणि २०१६ च्या जूनमध्ये संपला. नाव सांगत नाही, चौघांतले दोघं आता सरकारी नोकरीत आहेत. तसंही ते नाव कुणाला वाचता आलं नव्हतं. या संगीतात लोगो असा काढायचा असतो की अक्षर लागू नये. आमचा फ्लेक्सवर छापून आणला, तर वडील म्हणाले, ‘‘बाभळीच्या फांद्या छापायला पैसे कशाला घातलेत?’’

तालमीची जागा मिळाली ती दुष्काळामुळं. त्या साली तूर पिकलीच नाही, डाळ दोनशे रुपये किलोवर गेली, म्हणून गिटारवाल्याच्या काकाची दालमिल बंद, म्हणून पत्र्याचं शेड रिकामं. गिटारवाला या विषयातला आमचा पंडित. स्टॉकहोममध्ये १९८७ साली ‘निहिलिस्ट’ नावाचा पोरासोरांचा बँड निघाला, मोजक्या डेमो कॅसेटी काढून १९८९ ला संपला, आणि पोस्टानं हिंडलेल्या त्या कॅसेटींवर जगभर नाव झालं, ही कथा तो सत्यनारायणासारखी सांगायचा. त्या स्वीडिश गिटारींची लाकूड कापल्यासारखी घरघर ‘बॉस’ कंपनीच्या एचएम-टू नावाच्या पेडलमधून, म्हणजे गिटारीचा आवाज फाडणाऱ्या पायातल्या डबीतून यायची. चार बटणं, चारही शेवटपर्यंत पिळायची. आमच्याकडं पेडल नव्हतं. आमच्याकडं भजनी मंडळानं टाकून दिलेला, पडदा फाटलेला स्पीकर होता. बटण एकच चालायचं, ते आम्ही पिळलं. घरघर आली. मला विचाराल तर आमची जास्त खरी होती.

पहिले चार महिने आमची शैली शुद्ध जुन्या वळणाची, म्हणजे नुसतं पळत सुटायचं. ड्रमर मूळचा हलगीवाला. ब्लास्ट बीट, म्हणजे या संगीतातला श्वास न घेता बडवायचा ठेका, त्याला इंटरनेटवर दाखवला, तर म्हणाला, ‘‘हे तर देवीच्या पालखीपुढं आमचा तात्या वाजवतोय की.’’ गायक मी. गायक म्हणजे पोटातून दम लावून घशाच्या तळाशी गुरगुरायचं. आईनं आठवडाभर ज्येष्ठमध दिला, मग तिलाच कळलं की हा आजार नाही, हौस आहे. त्यानंतर दिला नाही.

फेब्रुवारीपासून आमचा वेग पडला. जाणकार अशा वेळी प्रभाव शोधतात, कुणी इंग्लंडच्या संथ बँडांकडं बोट दाखवतात. आमच्यावर प्रभाव होता मांजरा धरणाचा. धरण आटलं, नळ कोरडे पडले, टँकरची वाट बघण्यात दिवस जायला लागले. पत्र्याखाली एक गाणं वाजवलं की ड्रमरचा शर्ट पिळून निघायचा, आणि घरी आंघोळीला अर्धी बादली. एक दिवस त्यानं काठ्या खाली ठेवल्या. ‘‘बप्पा, घाम येईल असं मी वाजवनार न्हाई.’’ तिथून आमच्या डेथ मेटलचं ‘डूम’ झालं, म्हणजे मेटलमधलाच रेंगाळणारा प्रकार. दोन ठोक्यांच्या मधे माणूस चहा पिऊन यावा इतकं संथ. माझंही बरं झालं. गुरगुरायला घोटघोट पाणी लागतं, आणि माझ्या वाट्याला एक तांब्या होता.

मार्चमध्ये पाणी भरायच्या जागी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून प्रशासनानं १४४ कलम लावलं. पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. आम्ही चार. म्हणजे श्रोता एकच चालणार होता, आणि तसाही एकच होता. शेडच्या मागं राहणारी आजी रोज रिकामी घागर घेऊन भिंतीच्या सावलीला बसायची. आमच्या ‘अनहोली वॉर’ या गाण्याच्या शेवटी मी ते दोन शब्द जीव खाऊन ओढायचो. एप्रिलच्या सुरुवातीला एकदा मी ओढले, आणि आजी दारात आली. पदर डोक्यावर घेतला, हात जोडले.

‘‘कोन हाय रं लेकराच्या अंगात?’’

कुणी काही बोलायच्या आत तिनं विचारूनही टाकलं, ‘‘माय, पानी कवा येनार?’’

गाणं थांबवायची पद्धत नाही. मी पुन्हा ओढलं, ‘‘वॉऽऽऽर!’’

‘‘मंगळवार,’’ आजी म्हणाली आणि घागर उचलून गेली.

आता यात माझा काय दोष? पण मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला लागली १२ एप्रिलला. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आणि तो दिवस, काही केल्या, मंगळवार निघाला.

दुसऱ्या दिवशी शेडसमोर एकोणीस माणसं आणि सात नारळ. एका बाईला जावेनं ढापलेल्या पाटल्यांचं विचारायचं होतं. एका बापाला पोराच्या सीईटीचं. मी जे काही गुरगुरेन त्यातून ज्याला त्याला हवा तो वार ऐकू यायचा. गिटारवाला चिडला. ही भूमिगत कला आहे, गर्दी जमली की ती संपते, असं त्याचं म्हणणं. गर्दीतल्या एकानं त्याच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा मात्र त्यानं पाय मागं घेतला नाही.

त्याच सुमारास ड्रम गेले. ‘यांच्या शेडात चार ड्रम आहेत’ ही बातमी गल्लीत पसरली. लोक बघायला आले आणि दोन्ही बाजूंनी चामडं पाहून शिव्या घालून परतले. शेवटी ड्रमरच्या वडिलांनी तो सेट विकून दोनशे लिटरचे दोन निळे प्लास्टिकचे ड्रम आणले. ड्रमर त्यांच्यावर वाजवायला लागला. टँकर आलेल्या दिवशी आवाज थप्प, आठवड्याच्या शेवटी धूमधाम. घरात किती पाणी उरलंय ते तालावरून कळायचं. गिटारवाल्यानं या पर्वाला ‘इंडस्ट्रियल’ असं नाव दिलं. ड्रमरची आई त्याला ‘झाकण लाव मेल्या’ म्हणायची.

बँड फुटला तो नारळांवरून. सगळे माझ्याच घरी जात होते. जूनमध्ये गिटारवाला गंभीर तोंड करून म्हणाला, ‘‘बँड आपण बंद करू.’’ मी हो म्हणालो. चार दिवसांनी शेडावरून जाताना आतून आमचंच गाणं ऐकू आलं, खाली हलगी, वर सनई. निहिलिस्टवाल्यांनी अगदी असंच केलं होतं. त्यांच्या बास-गिटारवाल्याला ‘तू नको’ म्हणायचा धीर होईना, म्हणून बँडच मोडला आणि काही दिवसांत उरलेल्यांनी ‘एंटूम्ड’ नावानं दुसरा काढला. ही कथा गिटारवाल्यानं मला पन्नासदा सांगितली होती, आणि पन्नासदा मी त्या बासवाल्याला हसलो होतो. माझ्या लोकांनी लग्नाच्या ऑर्डरी धरल्या. घोडा त्यांचाच.

परवा आजी गंजगोलाईत भेटली. कानानं आता कमी ऐकते. हात धरून बाजूला घेतलं, ‘‘लेकरा, नातीला बगायला येतो म्हनून गेलेत, निरोप न्हाई. एकदा बोल की त्या आवाजात.’’ भर बाजारात, भाजीवाल्यांच्या मधे, मी इकडं तिकडं बघितलं, पोटातून दम घेतला आणि हळूच ओढलं, ‘‘वॉऽऽर.’’

‘‘रविवार,’’ आजी म्हणाली. ‘‘बरं झालं, पोरीला सुट्टी असती.’’