थंडीत सनस्क्रीन लावायचं का? थर्मामीटर नको, यूव्ही इंडेक्स बघा

डिसेंबर उजाडला की सनस्क्रीनची ट्यूब कपाटात मागे ढकलली जाते. ऊन कोवळं आहे, चटका बसत नाही, मग कशाला लावायचं? पण ऊब जाणवते ती अवरक्त किरणांमुळे. त्वचेचं नुकसान करतात ते अतिनील किरण, आणि ते जाणवतच नाहीत. त्यामुळे गारठ्यावरून त्यांचा अंदाज बांधणं चूकच.

अर्थात, हिवाळ्यात यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारा अतिनील प्रकार, खरोखर घटतो. सूर्य खाली असतो, किरणांना ओझोनच्या थरातून तिरका, लांबचा रस्ता पडतो. त्यामुळे त्वचा भाजत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. यूव्हीए हा दुसरा अतिनील प्रकार मात्र तेवढा घटत नाही. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा त्याचाच. खिडकीची साधी काच यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए बराचसा आत सोडते. सुरकुत्या आणि काळे डाग यांत त्याचा मोठा हात असतो.

तरीही ‘३६५ दिवस लावाच’ हा सरसकट हुकूम मला पटत नाही. हवामानाच्या अ‍ॅपवर यूव्ही इंडेक्स बघा. अतिनील किरणांच्या तीव्रतेचा हा आकडा ३ किंवा जास्त असेल तर लावायचं. विषुववृत्ताजवळ हिवाळ्यातही दुपारी तो याच्या बराच वर जातो. उत्तरेकडच्या थंड देशांत १ च्या आसपास रेंगाळतो. तिथे दहा मिनिटं बाहेर जाऊन येणाऱ्याने नाही लावलं तरी चालेल. वांग असेल, रेटिनॉइड (सुरकुत्या-मुरुमांवरचं अ जीवनसत्त्वाच्या वर्गातलं औषध) चालू असेल किंवा दिवसभर खिडकीलगत बसायचं असेल, तर इंडेक्स कमी असला तरी लावा. बर्फात जाणाऱ्यांनी तर विचारूच नये: ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, आणि दर हजार मीटर उंचीला त्यांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. तिथे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावावं लागतं.

आता प्रमाण, कारण खरी गफलत इथेच होते. एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीन उन्हाने भाजण्यापासून किती वाचवतं त्याचा आकडा, मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थरावर. बहुतेक लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत, मग डब्यावरचे ५० चेहऱ्यावर ५० राहत नाहीत. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला. कान वेगळे. एका दमात पसरत नसेल तर एकेक रेघ घेऊन दोन वेळा लावा.

थंडीत कोरडी त्वचा आणखी घोळ घालते. उन्हाळ्यातलं अल्कोहोलवालं जेल आता ओढ आणतं, चुरचुरतं, क्रीम घ्या. आधी मॉइश्चरायझर, ते मुरायला पाचेक मिनिटं, मग सनस्क्रीन. घाई केली किंवा रगडून चोळलं की मळासारख्या वळ्या निघतात, आणि तेवढी जागा उघडी पडते. तळहातावर दोन्ही एकत्र कालवू नका, थर पातळ होतो. ओठांना एसपीएफ ३० चा लिप बाम लागतो, साधी व्हॅसलिन उन्हापासून वाचवत नाही.

बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. मफलर आणि मास्कने पुसलं जातं ते नाक आणि गालावरून, तिथे आधी बघा. गेल्या उन्हाळ्यात गाडीत तापलेली ट्यूब उघडल्यावर पाणी आणि क्रीम वेगळं झालेलं दिसलं, किंवा रवाळ लागलं, तर मुदत बाकी असली तरी फेकून द्या.