जोडीने गेलात, आता जोडीने कुलूप उघडा

स्वित्झर्लंडमध्ये बारा दिवस एकमेकांचे फोटो काढून दमला असाल. भांडण मात्र तिथे उरकू नका, फ्रँकच्या भावात परवडत नाही. पुण्यापर्यंत राखून ठेवा. घरी सगळं साहित्य तयार असतं.

तयारी निघतानाच करायची. शॉर्टसर्किट नको म्हणून मेन स्विच पाडून जा. त्याबरोबर फ्रीजही बंद पडतो, हे दुसऱ्याच्या लक्षात असेलच असं दोघांनीही धरून चालावं. आत अर्धी वाटी विरजण, कोथिंबिरीची जुडी, वर फ्रीजरमध्ये मटार आणि दार घट्ट. मे महिन्यात एवढं पुरतं. (वास घालवायचाच असेल तर लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून आतून पुसा, दार दिवसभर उघडं ठेवा. पण आधी ‘तूच बघायला हवं होतंस’ हे दोन्ही बाजूंनी म्हणून होऊ द्या.)

दुसरा वास बाथरूममधून येईल. नहाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट भागातलं पाणी आटलं की गटाराची हवा आणि झुरळं बिनदिक्कत वर येतात. तांब्याभर पाणी ओतलं की काम झालं. इतका सोपा उपाय पहिल्या रात्री सुचू देऊ नये.

उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. म्हणजे रात्री एकला तुम्ही टक्क जागे, आणि सकाळी सातला दूधवाला बेल वाजवतो तेव्हा अंगात पहाटेचे साडेतीन. ‘उद्यापासून रतीब सुरू’ हा निरोप तेवढा आठवणीने दिलेला असतो! दोघांनीही झोपेचं सोंग घ्यावं. आधी कूस बदलेल त्याने दार उघडावं. सकाळच्या उन्हात फिरलं की घडी लवकर बसते, तेव्हा पडदे ओढून दुपारी चार तास झोपा.

चॉकलेटं मुंबईपासून गाडीच्या डिकीत टाका. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं आणि पुन्हा गोठताना पांढरट थर होऊन वर येतं. ती बुरशी नव्हे, हे सासरच्या आत्यांना पटवण्याची जबाबदारी ज्याने डिकी उघडली त्याची.

उरलेली नाणी मनी चेंजर सहसा घेत नाही, डब्यात टाका.

राहता राहिला आल्प्समधल्या युंगफ्राउयोख खिंडीतून, 3,454 मीटर उंचीवरून आणलेला मॅग्नेट. फ्रीजचं दार काचेचं असेल तर चिकटत नाही. गॅसच्या सिलिंडरला लावा.