हा कशाला आणला?

गेल्या रविवारी नेरुळच्या ग्राउंडवर आमची फुटबॉलची टीम ३-१ हरली. नवा कीपर होता, त्याची पहिलीच मॅच. घरी येऊन बूट काढतोय तोवर ग्रुपवर मेसेजचा पाऊस. "कुठून उचलला याला?" "पनवती आहे." "जुनाच बरा होता." तो पोरगाही त्याच ग्रुपवर आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळं वाचलं त्याने. निळे टिक दिसले, उत्तर आलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांबेल थोडी, पण आज लिहायचंच आहे.

"हा कशाला आणला" हे वाक्य मी स्वतः आयुष्यात खूपदा म्हटलंय. टीव्हीसमोर, सीवूड्स स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर, वाशीच्या स्क्रीनिंगला. आणि ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त ठणकावून म्हटलं, त्यातले काही जण पुढे माझे सगळ्यात लाडके खेळाडू झाले.

२०१७ चा जुलै. माझ्या लाडक्या इंग्लिश क्लबने, लिव्हरपूलने, हल सिटीकडून अँडी रॉबर्टसन घेतला. सुरुवातीचे ८० लाख पाउंड, म्हणजे त्या बाजारात सुटे पैसेच. हल नुकतीच खालच्या डिव्हिजनमध्ये गेलेली. आम्ही पाच-सहा जण टपरीवर होतो, बाहेर पाऊस मी म्हणत होता, आणि मी छातीठोकपणे सांगत होतो की इतकी वर्षं बचावात डाव्या बाजूला भोक आहे आणि हे बुजवायला कोण आणलाय, तर घसरलेल्या टीमचा लेफ्ट बॅक! सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याचे किती सामने पाहिले होते आम्ही? मी एकही पूर्ण पाहिला नव्हता. मला माहीत होती ती किंमत आणि आधीच्या क्लबचं नाव. एवढ्यावरच निकाल देऊन मोकळा झालो.

त्याचा मागचा प्रवास मी नंतर वाचला. सेल्टिकच्या अकादमीने लहानपणी सोडून दिलेला, कारण अंगाने छोटा. मग क्वीन्स पार्क या हौशी क्लबात, जिथे खेळायचे पैसे मिळत नाहीत. २०१२ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने ट्विट केलं होतं की या वयात खिशात पैसे नसले की आयुष्य बेकार असतं, नोकरी हवीय. तिथून डंडी युनायटेड, हल आणि मग लिव्हरपूलचं मैदान अ‍ॅनफिल्ड. आणि अ‍ॅनफिल्डलाही पहिले काही महिने तो बहुतेक बेंचवरच. डिसेंबरमध्ये आधीचा लेफ्ट बॅक मोरेनो जखमी झाला तेव्हा कुठे जागा मिळाली.

१४ जानेवारी २०१८. संक्रांत होती आणि रविवार. रात्री साडेनऊला लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर सिटी. त्या सीझनला सिटी लीगमध्ये तोवर एकही मॅच हरली नव्हती. वहिनीने तिळाच्या वड्यांची ताटली समोर ठेवलेली, तिला कोणी हात लावत नव्हतं. लिव्हरपूल पुढे होती, दुसऱ्या हाफची बरीच मिनिटं गेलेली, आणि रॉबर्टसन पळायला लागला. बॉल सिटीकडे. हा एकाच्या अंगावर गेला, त्याने पास दिला. हा पासच्या मागे. दुसऱ्याने मागे दिला, हा त्याच्या मागे. आपली डावी बाजू सोडून हा माणूस मैदान आडवं कापत पार कीपर एडरसनपर्यंत पोहोचला. एडरसनने बॉल बाजूला काढला तर हा वळून परत सिटीच्या बॅकच्या, ओटामेंडीच्या मागे, आणि शेवटी फाउल. हातात काही आलं नाही. गोल नाही, बॉल नाही, उलट फ्रीकिक गेली. आणि अख्खं अ‍ॅनफिल्ड उभं राहून ओरडत होतं. आमच्या खोलीतही कोणी बसलेलं नव्हतं. मॅच ४-३ ने जिंकली.

पुढच्या दोन सीझनमध्ये लेफ्ट बॅक असून लीगमध्ये ११ आणि १२ असिस्ट, म्हणजे गोल करून देणारे पास. २०१९ ला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप, २०२० ला इंग्लंडची लीग. ८० लाख पाउंडमध्ये.

त्याच उन्हाळ्यात सालाह आला, तेव्हाही "चेल्सीने टाकून दिलेला" हेच लेबल. पहिल्याच सीझनला लीगमध्ये ३२ गोल. त्याच्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही.

मला लिहायचंय ते जॉर्डन हेंडरसनबद्दल. कारण रॉबर्टसनवरचा संशय सहा महिन्यांत फिटला, हेंडरसनला वर्षं लागली. २०११ मध्ये संडरलँडहून आला तेव्हा एकविशीलाही काही दिवस कमी होते. दीड-दोन कोटी पाउंड मोजलेले. पहिल्या सीझनला बऱ्याचदा उजव्या बाजूला खेळवला गेला. तो विंगर, म्हणजे कडेने पळणारा खेळाडू, नव्हता. वेग नाही, ड्रिबल नाही, क्रॉस बरे. मग लोक म्हणणारच ना की याच्यात काय आहे? मीही म्हणत होतो. आणि मी जे पाहत होतो ते खोटं नव्हतं. उजव्या बाजूला तो खरंच साधारण होता. चूक पुढची होती: उजव्या बाजूला साधारण, म्हणजे खेळाडूच साधारण, हा निष्कर्ष मी काढून टाकला.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये नव्या मॅनेजरने, ब्रेंडन रॉजर्सने, त्याला सांगितलं की फुलहॅमचा क्लिंट डेम्प्सी हवाय, त्या सौद्यात तू तिकडे जाऊ शकतोस. हेंडरसन हॉटेलच्या खोलीत जाऊन रडला, हे त्याने स्वतः नंतर सांगितलंय. आणि मग म्हणाला, मी जाणार नाही, इथेच जागा मिळवतो. बावीस वर्षांचा पोरगा. क्लब विकायला तयार, फॅन्सना नको, पेपरवाले टपलेले. मी त्या वयात पहिल्या नोकरीत साहेबाच्या एका बोलण्यावर दोन रात्री झोपलो नव्हतो, म्हणून मला हे किती अवघड असेल याचा थोडा तरी अंदाज आहे.

त्याची किंमत मला कळली ती तो नसताना. एप्रिल २०१४. लिव्हरपूल लीग जिंकायच्या दारात, सिटीला ३-२ हरवलं, आणि शेवटच्या मिनिटांत हेंडरसनला रेड कार्ड. तीन मॅच बाहेर. नॉर्विचला कसंबसं हरवलं, चेल्सीकडून ०-२ हरलो, आणि क्रिस्टल पॅलेसला ३-० ने पुढे असताना ३-३. लीग गेली. चेल्सीविरुद्ध कॅप्टन जेरार्डचं घसरणं सगळ्यांना आठवतं. मला आठवतो तो मधल्या पट्ट्यातला खड्डा, जिथे एरवी एक माणूस न थकता पळत असायचा आणि आपण त्याला कधी मोजलंच नव्हतं.

२०१५ ला तो कॅप्टन झाला, तेव्हाही कुरकुर होतीच. "जेरार्डच्या जागी हा?" चार वर्षांनी, १ जून २०१९, माद्रिद. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झालेली चॅम्पियन्स लीगची फायनल, बाहेर पावसाआधीची तगमग, पंखा फुल्ल आणि तरी घाम. मॅच जिंकल्यावर हेंडरसन मैदानाच्या कडेला वडिलांच्या गळ्यात पडला. घशाच्या कॅन्सरमधून उठलेला तो बाप. दोघं किती तरी वेळ तसेच. मी चाळिशीकडे झुकलेला माणूस, पहाटे तीनला नेरुळच्या घरात एकटा रडत होतो आणि मनात म्हणत होतो, माफ कर रे बाबा.

आता कोणी म्हणेल, संशय खरेही ठरतात. ठरतातच. २०११ च्या जानेवारीत अँडी कॅरोल साडेतीन कोटी पाउंडला आणला, लोक म्हणाले जास्त झाले, आणि जास्तच झाले होते. डोळे मिटून टाळ्या वाजवा असं मी म्हणत नाहीये. पण जे चालले त्यांच्याकडे नीट पाहिलं, तर बहुतेकांच्या बाबतीत सुरुवातीला एक तर जागा चुकलेली असते किंवा वेळ मिळालेला नसतो. फ्रान्सचा हेन्री इटलीच्या युव्हेंटसमध्ये विंगवर गुदमरत होता. १९९९ मध्ये मॅनेजर वेंगरने आर्सेनलला आणून मध्ये खेळवला, तरी पहिल्या कितीतरी मॅच गोलच नाही. वेंगरने हात काढला असता तर ते २२८ गोल कुठून आले असते? मॉड्रिचचा २०१२ चा रिअल माद्रिदला जायचा सौदा ऑगस्ट संपेपर्यंत रखडला, नव्या टीमबरोबर सराव करायला मिळालाच नाही, आणि डिसेंबरात स्पेनमधल्या एका मोठ्या क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला सीझनमधली सगळ्यात वाईट खरेदी ठरवलं. मार्चमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, तो बदली म्हणून उतरला आणि लांबून पोस्टला लागून आत गेलेला तो गोल मारला. पुढे सहा चॅम्पियन्स लीग आणि २०१८ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलरचा पुरस्कार.

आणि इंग्लंड-स्पेनपर्यंत कशाला जायचं? आपल्या डी. वाय. पाटीलला काय झालं ते आठवा. १८ ऑक्टोबर २०१४, आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) पहिलाच सीझन, मुंबई सिटी विरुद्ध पुणे. आम्ही नेरुळहून चालत गेलो होतो. सगळ्यांच्या तोंडी दोनच नावं, युरोप गाजवून मुंबईत आलेले अनेल्का आणि ल्युंगबर्ग. अनेल्का जुन्या बंदीमुळे त्या दिवशी खेळूच शकणार नव्हता. आणि हॅटट्रिक मारली आंद्रे मोरिट्झने. क्रिस्टल पॅलेस, बोल्टन अशा क्लबांतून आलेला ब्राझिलियन. आमच्या स्टँडमधल्या निम्म्या लोकांना तिसऱ्या गोलनंतर त्याचं नाव विचारावं लागलं. ५-० जिंकलो. आयएसएलच्या इतिहासातली ती पहिली हॅटट्रिक. ज्यांच्यावर कोणाला शंका नव्हती ती मोठी नावं असूनही त्या सीझनला टीम सातवी आली.

बिपिन सिंग तर आपल्या डोळ्यांदेखत घडला. २०१८ मध्ये कोलकात्याच्या एटीकेहून मुंबई सिटीत आला, तिथे फारसा खेळायला मिळालेला नव्हता. आमच्यात दोन वर्षं तेच चाललेलं: पळतो छान, पण शेवटी काही होत नाही. मग लोबेरा कोच झाला, त्याने त्याला डाव्या बाजूला ठेवला आणि ठेवतच राहिला. १३ मार्च २०२१, गोव्यात रिकाम्या स्टेडियममध्ये फायनल, समोर एटीके मोहन बागान. आपला अमेय रानवडे डोक्याला मार लागून अँब्युलन्समधून गेलेला, सगळ्यांचं चित्त थाऱ्यावर नाही. १-१. नव्वदावं मिनिट. आपला ओगबेचे एका लांब बॉलमागे धावला, कीपर बाहेर येऊन चुकला, ओगबेचेने बॉल मागे दिला आणि बिपिनने आत घातला. ज्या क्लबातून निघाला, त्याचंच नाव लावणाऱ्या टीमसमोर. त्या रात्री कोविडमुळे आमच्यापैकी कोणीच एकत्र नव्हतं, फोनवरच ओरडलो एकमेकांना.

हे सगळं मला आमच्या मामांनी खूप आधी सांगितलं होतं. मामा म्हणजे आमचे कोच, नात्याने कोणाचेच नाहीत, पण ग्राउंडवर सगळ्यांचे मामा. बऱ्याच वर्षांपूर्वी तुर्भ्याहून एक पोरगा यायला लागला. बारीक, बुटका, बूट दोन नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. टीम मी लावायचो. मी त्याला उजव्या विंगला टाकला, कारण तिथे कोणी नव्हतं. चार मॅच त्याने एक धड क्रॉस मारला नाही. मी मामांना म्हटलं, याला नको, अंगात दम नाही. मामा बाटलीतलं पाणी पीत होते. म्हणाले, "कुठल्या पायाने खेळतो तो?" मला सांगता येईना. चार मॅच मी त्या पोराला शिव्या घातल्या होत्या आणि तो डावखुरा आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. "डावीकडे टाक," मामा म्हणाले, "दहा मॅच दे, मग माझ्याशी बोल."

दहा लागल्या नाहीत. पुढची सहा वर्षं आमच्या डाव्या बाजूला दुसऱ्या कोणाचा विचार केला नाही आम्ही. आता तो नोकरीसाठी पुण्याला असतो, गणपतीत येतो तेव्हा बूट घेऊनच येतो.

तर नव्या कीपरबद्दल. मी काल त्याला फोन केला. आधी उचलेना. मग बोलला. तो आजवर फक्त टर्फवर खेळलाय, पाच-पाच जणांच्या मॅचमध्ये, छोट्या गोलपोस्टमध्ये. मोठ्या ग्राउंडवर, मोठ्या पोस्टमध्ये उभं राहायची ही पहिलीच वेळ. तीनपैकी दोन गोल डोक्यावरून गेले ते म्हणून. आणि त्या दोन्ही वेळेला आपले बॅक कुठे होते हे ग्रुपवर कोणी लिहिलं नाही. मी त्यातला एक बॅक आहे, म्हणून मी इथे लिहितोय.

बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ग्राउंडवर मोठ्या पोस्टमध्ये त्याला उंच बॉलची प्रॅक्टिस देणार आहे. मामा येतो म्हणालेत, गुडघा दुखत असूनही. ज्यांनी सत्तावीस मेसेज टाकले त्यांनी क्रॉस मारायला या, माणसं लागणारच आहेत.

रविवारी सव्वासहाला मॅच आहे. गोलमध्ये तोच आहे. पुढचे नऊ रविवारही.