बाई, 'कुबडी' या शब्दाबद्दल

नमस्कार बाई,

लिहिताना अडणाऱ्या मुलांना संगणकावर लिहायला शिकवण्याबद्दल मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गिरगावात तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईंनी इतक्या पोटतिडकीने लिहिलंय, तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: संगणक ही कुबडी आहे, एकदा दिली की मूल पेन धरणारच नाही. बोर्डाचा पेपर शेवटी हातानेच लिहायचाय. चाळीतल्या मुलांनी लॅपटॉप आणायचा कुठून? आणि 'आमच्या वेळीही अशी मुलं होती, पण गिरवून गिरवून शिकलीच.'

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते मला लागलं. माझा धाकटा भाऊ 'अशा' मुलांपैकीच. पाचवीपासून त्याच्या प्रत्येक वहीत लाल शाईचा एकच शेरा असायचा, 'अक्षर सुधारा'. आई रोज संध्याकाळी त्याच्याकडून एक पान शुद्धलेखन काढून घ्यायची, तो रडत रडत काढायचा. अक्षर थोडं सुधारलंही. निबंध मात्र चार ओळींपुढे कधी गेला नाही आणि नववीत शाळा सुटली. हाच मुलगा गणपतीत मंडळाच्या पोरांना तासभर गोष्टी सांगून जागेवरून हलू द्यायचा नाही. लिहायला बसला की सगळं लक्ष 'ध'ची गाठ आणि 'घ'ची रेघ सांभाळण्यात जायचं, तोवर पुढचं वाक्य डोक्यातून निसटलेलं असायचं. याला डिस्ग्राफिया म्हणतात हे आम्हाला कळेपर्यंत तो कामाला लागला होता.

आता एक शनिवार सांगते. लालबागला अशा मुलांसाठी आम्ही शनिवारी घेतो त्या वर्गाला येणारा सातवीतला एक मुलगा विसर्जनाच्या दिवसाबद्दल लिहीत होता. पडद्यावर वाक्य उमटलं, 'आई गदीत हरवली'. मी काही बोलले नाही. त्याने स्वतःच तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा 'गर्दीत' असंच वाचलं, कारण त्याच्या मनात तेच होतं. मग वाचून दाखवायचं बटण दाबलं. यंत्र म्हणालं, 'गदीत'. तो थबकला, पुन्हा ऐकलं, मग 'ग' आणि 'द'च्या मधे गेला, 'र' दाबला आणि त्याचा पाय मोडला. रफार आपोआप 'दी'वर जाऊन बसला. त्याच्या वहीत मी पाहिलंय, हाच रफार कधी 'ग'वर असतो, कधी गायब.

इथे मराठीपुरती एक गोष्ट आहे, जी मला फार मोलाची वाटते. कागदावर रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते. ऐकू येण्याचा क्रम एक, दिसण्याचा दुसरा. साध्या मुलाला हे जाणवतही नाही, या मुलांची तिथेच दांडी उडते. संगणकावर मात्र जसं बोलतो त्याच क्रमाने कळा दाबायच्या: 'कि'साठी आधी क, मग वेलांटी, 'र्दी'साठी र, पाय मोडायचा, द, वेलांटी. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्डवर तर स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर. तुम्ही तीस वर्षं जी वर्णमाला शिकवलीत, तिच्याच जोड्या आहेत या.

तुमच्या बाजूचा एक पुरावा मात्र मीच देते. 1987 साली अमेरिकेत चार्ल्स मॅकआर्थर आणि स्टीव्ह ग्रॅहम या संशोधकांनी अध्ययन अक्षम, म्हणजे वाचन-लेखन शिकणं जड जाणाऱ्या मुलांकडून तीन प्रकारे गोष्टी लिहून घेतल्या: हाताने, संगणकावर आणि तोंडी सांगून. तोंडी सांगितलेल्या गोष्टी लांब आणि सरस निघाल्या. हाताने लिहिलेल्या आणि टाईप केलेल्या गोष्टींत मात्र फरक सापडला नाही. म्हणजे नुसता संगणक पुढ्यात ठेवून काही होत नाही. पुढे 2007 साली ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. त्यात संगणकावर लिहिण्याचा लेखनावरचा परिणाम (आकडा मोठा तितका फायदा जास्त) 0.55 भरला, तर मुद्दे काढणं, आराखडा करणं, तपासून सुधारणं हे पायरीपायरीने शिकवण्याचा 0.82. माझ्या लेखात हा भाग निसटला होता. तुमच्यामुळे तो लिहिला गेला, हे मनापासून सांगते.

म्हणून आम्ही आधी बोलायला लावतो. मूल फोनला सांगतं, फोन ते उतरवतो. (घरात मालवणी बोलणाऱ्या मुलाचं फोन भलतंच काहीतरी उतरवतो, तेव्हा मी स्वतः लिहून घेते.) मग वाक्यं सुटी करून वरखाली हलवायची: आधी काय घडलं, कुठलं वाक्य नकोच. कागदावर एवढी हलवाहलव करायची तर अख्खं पान पुन्हा लिहावं लागतं, आणि ज्याला एक पान लिहायला तास लागतो तो कशाला सुधारणा करेल? मग ऐकायचं, आणि चुका शेवटी. शुद्धलेखन आधी काढलं की मूल सोपेच शब्द वापरतं, हे तुम्हीही पाहिलं असेल.

पेन आम्ही सोडलेलं नाही. रोज दहा मिनिटं हाताने लिहायचंच, पण त्या वेळात निबंध नाही.

बोर्डाचं म्हणाल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला (डिस्ग्राफिया यातच येतो) दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत जागा दिली. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्र असलेल्या उमेदवाराला तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ दिला, लेखनिक (सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) दिला, आणि शक्य तिथे संगणकावर उत्तरं लिहिण्याचा पर्यायही दिला. प्रत्यक्षात अजून बहुतेकांच्या वाट्याला लेखनिकच येतो. पण लेखनिकाला सांगायचं तरी क्रमाने सांगता यायला हवं, आणि आम्ही नेमकं तेच घटवून घेतो.

लॅपटॉपचा मुद्दा खरा आहे. आमच्याकडे दोन जुने संगणक आणि नऊ मुलं. घरी बाबांचा फोन, तोही ते रात्री कामावरून आल्यावर.

आणि बाई, या नऊ मुलांना मुद्दे काढायला शिकवणारी मी एकटीच आहे. तुम्ही निबंधाचे मुद्दे फळ्यावर कसे काढून घ्यायचात, ते मला बघायचंय. आम्ही शनिवारी तीन ते पाच बसतो. याल का?